एका इंग्रजी शब्दाच्या येरझारा

माझा स्वभाव एका जागी बसायचा नाही. जेवताना मांडी घातली तरी एक गुडघा हलत असतो, आणि पोथी उघडली की दुसऱ्याच पानाला दारात कोणीतरी आलंय असं मला वाटायला लागतं. आत्या म्हणायची, ‘याच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं खाली पाठवलाय.’ अशा माणसाला पोटापाण्यासाठी काम मिळालं ते शिकवण्याचं, म्हणजे बसण्याचं. आणि शिष्य मिळाला तो संगमावरचा इंग्रज.

संगमावर तेव्हा इंग्रजांच्या वकिलाचा बंगला होता. पुढे तो जळाला, पेशवाईही गेली. मी सांगतोय ते त्याच्या बऱ्याच आधीचं. वकिलाच्या हाताखाली एक तरणा साहेब होता. मिसरूड नुकतं फुटलेलं, उन्हानं नाकाची सालं निघालेली. त्याला मराठी शिकायची होती. मी रोज सकाळी नारायण पेठेतून निघून नदीच्या कडेनं संगमापर्यंत चालत जायचो, त्याला क्रियापदं घोकायला लावायचो आणि परत येताना नदीत बुडी मारून ओलेत्यानं घरात शिरायचो. त्याशिवाय आत्या पाण्याचा पेला पुढे करत नसे.

साहेब हुशार होता, पण त्याला एक खोड होती. एका इंग्रजी शब्दाला मराठीत एकच शब्द द्या म्हणून तो हटून बसायचा. एका खुंटीला एकच पगडी, असा त्याचा हिशेब. बाकीच्या शब्दांचं कसंबसं निभावलं, पण ‘वॉच’ या शब्दानं आम्हा दोघांना दमवलं.

पहिल्या दिवशी त्यानं अंगरख्याच्या खिशातून रुप्याचं एक वाटोळं यंत्र काढलं, झाकण उघडलं आणि म्हणाला, ‘वॉच.’ मी म्हटलं, ‘घड्याळ.’ आमच्याकडे तोवर घड्याळ म्हणजे टोले द्यायची काशाची थाळी, पण चालून गेलं. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या शिपायाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हाही वॉच.’ मी म्हटलं, ‘पहारा.’ पुढे एकदा तो व्हरांड्यात उभा राहून नदीतली नाव बघत होता. मी आलेला त्याला कळलंच नाही. नाव पैलतीराला लागल्यावर मागे वळून म्हणाला, ‘शास्त्रीबोवा, मी वॉच करीत होतो.’ पाहणं म्हणावं तर तेही पुरं पडेना, कारण पाहणं डोळे उघडे असले की होतंच. हे होतं नजर न काढता पाहणं. मग कळलं की एखाद्याची वाट बघत राहिलं तरी तोच शब्द, एखाद्याचं पोर सांभाळलं तरी तोच, आणि ‘सांभाळून हो, पाय घसरेल’ असं ओरडायचं झालं तरीही तोच.

माझं डोकं फिरलं. ‘साहेब, आपल्या मुलखात शब्दांचा दुष्काळ आहे काय?’ मी विचारलं.

तो रागावला नाही. आतून एक जाडजूड कोश घेऊन आला, पानं उलटली आणि अडखळत अडखळत मला अर्थ सांगू लागला. त्याच्या पूर्वजांच्या जुन्या बोलीत या शब्दाचा अर्थ होता जागं राहणं. बाकीचं सगळं त्यातून निघालं. पहारेकरी जागा राहतो म्हणून तो वॉच. जहाजावर खलाशी रात्र वाटून घेतात, ज्याची जागायची पाळी ती त्याची वॉच. आणि त्या पाळ्या मोजायच्या म्हणून मोजणाऱ्या यंत्रालाही लोक तेच म्हणू लागले असावेत, असं त्याचं मत.

मला एकदम चेव आला. मी म्हटलं, ‘थांबा. आमच्याकडेही दिवसरात्रीचे प्रहर पाडतात, आणि प्रहरभर जो उभा राहतो त्याचा पहारा. आणि खेडोपाडी गावाची राखण करणारा असतो, त्याला म्हणतात जागल्या. जागतो म्हणून जागल्या.’ साहेब खुर्चीवरून उठलाच. त्यानं तो शब्द तीनतीनदा म्हणून पाहिला. ‘ळ’ आणि ‘ल’ची त्याची नेहमी मारामार, पण या शब्दात अडचण नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघंही खुशीत होतो. निघताना मात्र तो परत मूळ पदावर आला. ‘पण मग एकच शब्द कोणता, शास्त्रीबोवा?’

घरी येऊन ही सगळी हकीकत मी वडिलांना सांगितली. वडील पंचांग बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, ‘म्हणजे मी जे करतो ते.’

ते खरंच होतं. माझे वडील ज्योतिषी. पेठेत लग्न असो, मुंज असो की बाळंतपण, घटिकापात्र घेऊन त्यांनाच बोलावणं यायचं. घटिकापात्र म्हणजे तांब्याची एक वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळात पाणी भरायचं आणि ही वाटी वर सोडायची. भोकातून पाणी आत येत राहतं, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. लगेच उचलून, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढायचं. सूर्य अर्धा वर आला की सुरुवात करायची, ती काम होईपर्यंत. मधे नजर काढायची नाही, हा वडिलांचा धर्म. शेजारी पंगत उठो, नवरीला रडू कोसळो, वरातीचा घोडा उधळो, हा माणूस आपला पाण्याकडे बघत बसलेला. लहानपणी एकदा हौसेनं मी त्यांच्याजवळ बसलो होतो. वाटी अर्धी भरायच्या आत मला उठवलं, कारण माझा गुडघा हलत होता आणि गुडघ्यापायी पाणी हलत होतं.

त्यांच्या कडकपणाची एक गोष्ट मी स्वतः पेठभर फुशारकीनं सांगत असे. ज्या तांबटानं ती वाटी घडवली, त्याच्या घरी नातू झाला. जन्म झाला वद्य चतुर्दशीला. या तिथीचे सहा भाग करतात. पहिल्या भागातलं मूल चांगलं, पण दुसऱ्या भागातल्या मुलाचा दोष बापाच्या जिवावर. मग आमच्याकडची रीत अशी की पुढच्या वद्य चतुर्दशीला शांत, म्हणजे दोष घालवायची पूजा, होईपर्यंत बापानं त्या मुलाचं तोंड पाहायचं नाही. शांतीच्या दिवशीसुद्धा आधी तेलात प्रतिबिंब बघायचं, मग मूल. तांबटाचा नातू दुसरा भाग लागल्यावर जेमतेम अर्ध्या घटकेनं जन्मला होता. म्हातारा हात जोडून म्हणाला, ‘अर्धी घटका मागं घ्या महाराज. वाटी माझ्याच हातची आहे.’ वडील म्हणाले, ‘वाटी तुम्ही घडवलीत. वेळ तुम्ही घडवलेली नाही.’ तांबटाच्या मुलानं महिनाभर पोराचं तोंड पाहिलं नाही. वडिलांचा नियमच होता, आणि तोही सगळ्यांना तोंडपाठ होता: वेळेचा नुसता संशय आला तरी वाईट तेच धरायचं.

त्याच सुमारास माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं माहेरी झालं, लोणी काळभोरला. तेव्हा मी इथे साहेबाला ‘जातो, जातोस, जातात’ शिकवत होतो. लोणीहून माणूस आला तो संगमावरच. मुलगा झाला आणि गेला, हे मला एकाच वाक्यात कळलं. मी धावत गेलो तेव्हा घरात काहीच उरलं नव्हतं, एक कुंचीसुद्धा कोणी ठेवली नव्हती. तो कसा दिसायचा, असं मी बायकोला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. या खेपेला मात्र ती म्हणाली, ‘मी कुठे जायची नाही. इथेच होऊ दे. तुम्ही असा घरी.’ मी साहेबाला सांगून टाकलं की आता बोलावणं येईल त्या दिवशी मी उठून चालता होईन.

साहेब म्हणाला, जरूर. पण त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. वडिलांचं पात्र आणि त्याचं वॉच सारखं चालतं का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं ते यंत्र मला एका दिवसापुरतं दिलं, काटे कसे वाचायचे ते समजावलं, आणि ते मी उपरण्यात गुंडाळून घरी आणलं. आत्यानं त्याला शिवायला साफ नकार दिला. वडिलांनी कानाजवळ नेऊन ऐकलं. ‘हे सारखं बोलतं,’ ते म्हणाले. ‘मोजणाऱ्यानं गप्प बसावं.’ मग ते ओसरीवरच्या कोनाड्यात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच बायकोला कळा सुरू झाल्या. सुईणीला बोलावलं. ती मूळची लोणीकडचीच, बायकोच्या माहेरच्या ओळखीतली. आत्या आत गेली, दार लागलं. वडिलांनी आंघोळ केली, पात्राची पूजा केली आणि सूर्य अर्धा वर येताच वाटी पाण्यावर सोडली. मग पंचांग उघडलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलेलं मी पाहिलं. वद्य चतुर्दशी. सकाळीच लागलेली. पहिला भाग दुपारी संपत होता.

‘दुपार कलायच्या आत सुटका झाली तर बरं,’ एवढंच ते म्हणाले.

मग माझ्या येरझारा सुरू झाल्या. ओसरी, मागचं अंगण, तुळस, परत ओसरी. येताना वाटीकडे बघायचं, जाताना कोनाड्याकडे बघायचं. गंमत म्हणजे दोन्ही अगदी बरोबरीनं चालली होती, आणि त्या अस्वस्थपणातही मला ते आवडलं. साहेबाला सांगायला काहीतरी होतं. सुईण गरम पाणी न्यायला बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अवं, तुमी आसं फिरून प्वार लवकर यायचं न्हाई. बसा की वाईच. पोरगी धीराची हाय.’ मी बसलो. आणि उठलो. भिंतीवरची कुंकवाची बोटं वाढत गेली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आतले आवाज बदलले. आधी बायको ओरडत होती, ते ऐकवत नव्हतं. मग ती ओरडायची थांबली, आणि ते त्याहून ऐकवेना. मी दाराला कपाळ टेकून उभा राहिलो. तेवढ्यात आत्याची हाक आली. ‘दादा! सूनबाई डोळे पांढरे करतेय! मात्रा द्या, दादा!’

माझे पाय, जे जन्मात कधी थांबले नव्हते, ते नेमके तेव्हा थांबले. वडील उठले. पाण्यावर वाटी तरंगत होती, अर्ध्याच्या वर भरलेली, आणि ते उठले. देवघरात गेले, औषधाची डबी काढली, सहाणेवर मध घालून हेमगर्भाची मात्रा उगाळायला बसले. ती उगाळायला वेळ लागतो. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि दाराकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी सहाणच उचलून दाराच्या फटीतून आत दिली आणि तिथेच, माझ्या शेजारी, दाराला हात लावून उभे राहिले. आत आत्या बायकोच्या नावानं हाका मारत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. थांबला. परत आला. नंतर बायकोचा कण्हण्याचा आवाज आला, आणि मी आयुष्यात कोणत्याही गाण्याला इतकं मन लावून ऐकलं नसेल.

‘मुलगी हाय,’ सुईण आतून म्हणाली. ‘दोगी बी हायत.’

वडिलांनी डोळे पुसले आणि मग त्यांना पात्राची आठवण झाली. आम्ही दोघं एकदमच वळलो. वाटी तळाशी पडली होती. वरचं पाणी अगदी निवांत होतं, म्हणजे ती बुडाल्यालाही वेळ झाला होता. एक घटका गेली, की दीड, की दोन, सांगणारं कोणी नव्हतं. वडिलांनी पाण्यात हात घातला, वाटी मुठीत धरली आणि तशीच तळाशी धरून ठेवली. वर काढली नाही.

‘त्या यंत्रात पाहिलंस?’ त्यांनी विचारलं. ‘रडण्याचा आवाज आला तेव्हा?’

कोनाड्यात ते इमानानं टिकटिक करत होतं, पण आत्ताची वेळ सांगत होतं, मघाची नाही. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं आणि दुपारच्या आतली एखादी वेळ सांगितली असती, की काम झालं असतं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. साहेबाचे उच्चार सुधारतायत, हे मी त्याला रोज सांगत असे. पण पाण्यात हात घालून बसलेल्या त्या माणसाकडे बघून माझी जीभ रेटेना.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी दाराकडे बघत होतो.’

‘मीही,’ वडील म्हणाले.

संशय आला की वाईट तेच धरायचं. त्यांना ते उच्चारावंही लागलं नाही. पहिला भाग संपायची वेळ आमच्या त्या बेहिशेबी काळातच कुठेतरी येऊन गेली होती. तांबटाच्या मुलाला जे लागू, ते मला लागू. पुढच्या वद्य चतुर्दशीपर्यंत मी माझ्या मुलीचं तोंड पाहायचं नव्हतं. वडिलांनी भिंतीवरची कुंकवाची बोटं ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

एका घरात, एका भिंतीपलीकडे पोर रडतंय आणि आपण ते बघायचं नाही, ही शिक्षा मला कोणी आधी समजावून सांगितली असती तर मी तांबटाची गोष्ट इतक्या चवीनं सांगितली नसती. रडण्यावरून मी तिला ओळखायला लागलो. भुकेचं रडणं वेगळं, नुसतं कंटाळून रडणं वेगळं. बायको दाराआडून मला रोज थोडी थोडी मुलगी सांगायची. ‘नाक तुमचं आहे, माझी काही हरकत नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘कानाच्या पाळ्या जाड आहेत, बुगड्या शोभतील.’ मग, ‘झोपेत मुठी आवळते, कोणाशी भांडते देव जाणे.’ मी हे सगळं गोळा करायचो आणि चेहरा जमवायला जायचो, पण नुसतं नाक आणि कान मिळून माणूस होत नाही. ‘दाराशी उभे राहून पाय दुखतील,’ ती म्हणायची. ‘चाला थोडं. तुमचं तेच बरं असतं.’

मला राग यायचा तो वडिलांचा. बंदी मला होती, त्यांना नव्हती. आजोबानं नातीला बघायला कोणत्याच शास्त्राची आडकाठी नाही. तरी हा माणूस त्या खोलीत एकदाही गेला नाही. सकाळी पंचांग, दुपारी पंचांग. आत्या म्हणायची, ‘दादा, बघून तरी जा,’ तर हे म्हणायचे, ‘होईल.’ मला वाटायचं, इतकं कोरडं असावं माणसानं? पोरगी म्हणजे यांच्या लेखी एक चुकलेली घटका. एकदा मी हे त्यांना तोंडावर बोललो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. 

सोयर होतं तरी मी संगमावर गेलो. तिथे विटाळ होऊन होऊन कोणाला होणार होता? यंत्र परत द्यायचं होतं, आणि घरात बसवत नव्हतं. साहेबानं आधी विचारलं, दोन्हींचा मेळ बसला का. मी म्हटलं, दुपारपर्यंत बसला. पुढचं सगळं सांगितलं, तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘हा तर वेडेपणा आहे, शास्त्रीबोवा. जा आणि बघा तिला.’

मी भडकलो. ‘आपण आपल्या आईला सहा महिन्यांच्या समुद्रापलीकडे ठेवून आलात,’ मी म्हटलं. ‘ती जिवंत आहे की नाही हे आपल्याला वर्षानं कळतं. आणि भिंतीपलीकडचं कसं बघावं ते आपण मला शिकवणार?’

त्यानं यंत्राचं झाकण मिटलं. मला वाटलं, गेली नोकरी. मग तो म्हणाला की त्याचा एक धाकटा भाऊ लहानपणी तापानं गेला. आई अंथरुणाशी बसून राहिली होती, डोळा न लावता. त्यालाही आमच्यात वॉच म्हणतात, तो म्हणाला. आजाऱ्याजवळ बसणं. त्यानं काही होत नाही, ताप उतरत नाही, पण बसतात. हे त्यानं आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, आणि मी प्रथमच त्याची एकही चूक दुरुस्त केली नाही.

परत येताना मी नदीकाठी नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरलो. माझ्या डोक्यातून ते जाईना. साहेबाच्या भाषेत मोजणारा आणि जागणारा एकाच शब्दात राहतात. आमच्या घरात त्या दुपारी त्यांची फारकत झाली, आणि जन्मभर मोजत आलेल्या माणसानं मोजणं टाकून दिलं. मी वडिलांना जे बोललो होतो ते बोलायला नको होतं असं मला वाटलं. पण घरी गेल्यावर ते पंचांगात डोकं घालून बसलेले दिसले, आणि माझा राग परत आला.

मग एक दिवस बायकोनं दाराआडून काही सांगितलं नाही. मी विचारलं, ‘आज काय नवीन?’ ती म्हणाली, ‘झोपलीय.’ दुसऱ्या दिवशीही झोपलीय. भुकेचं रडणंही ऐकू येईनासं झालं. आत्या बाहेर आली ती पदर तोंडाला लावून. ‘दूध ओढत नाही रे. तोंडात घातलं तर बाहेर येतं.’ वैद्यबुवा आले, नाडी पाहिली, चाटण दिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. वैद्यानं खांद्यावर हात ठेवला की काय समजायचं ते समजतं. चतुर्दशी अजून लांब होती. पहिला मुलगा मी पाहिला नव्हता. ही गेली तर हीही न पाहता जाणार होती. दोन मुलांचा बाप, आणि आठवायला एकही चेहरा नाही.

मी रात्रभर अंगणात चाललो. सकाळी वडील देवघरातून बाहेर आले. त्यांच्या हातात घटिकापात्र होतं. समईच्या ज्योतीवर त्यांनी मेणाचा खडा मऊ केला आणि वाटीच्या बुडाला, त्या सुईएवढ्या भोकात, अंगठ्यानं दाबून बसवला. मी बघतच राहिलो. त्या भोकाला त्यांनी कधी काडी लावू दिली नव्हती. त्यात मेण गेलं, तेल गेलं, की वाटी परत कधी बरोबर बुडणार नाही, हे मलाही कळत होतं.

‘दुसरी वाटी घ्या ना,’ मी म्हटलं. ‘काशाची आहे.’

‘घोळ हिच्यापाशी झाला,’ ते म्हणाले. ‘इथेच निस्तरू.’

त्यांनी वाटीत तिळाचं तेल ओतलं. ‘शांत झालेली नाही,’ मी म्हटलं. ‘चतुर्दशी...’

‘मला पंचांग सांगू नकोस.’

त्यांनी दार ढकललं. खोलीत वेखंडाचा आणि शेगडीचा वास कोंडला होता. बायको भिंतीला टेकून बसली होती, इतकी वाळलेली की क्षणभर मी तिलाच ओळखलं नाही. तिच्या मांडीवर कापडाचं एक बोचकं होतं. मी मान खाली घालून तिच्यापुढे बसलो. वडील मधे उकिडवे बसले आणि तेलाची वाटी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. आत्यानं बोचक्याचं तोंड उघडून वाटीवर झुकवलं.

मी तेलात पाहिलं. काहीतरी फिकं दिसलं, आणि फुटलं. परत जमलं, परत फुटलं. वडिलांचे हात थरथरत होते. ज्या माणसानं माझा गुडघा हलला म्हणून मला उठवलं होतं, त्याच्या हातातलं तेल स्थिर राहत नव्हतं. मी डोळे फाडून बघत होतो. एक कान दिसल्यासारखा वाटला. जाड पाळी. मग तोही गेला.

‘दिसतंय?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

त्यांनी श्वास रोखून हात आवरायचा प्रयत्न केला. तेल आणखीच हललं. त्या तेलाच्या आड कोणाचा जीव राखला जात होता, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. दोष बापावर होता, आणि तो बाप त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

‘यात काही दिसायचं नाही तुला,’ ते म्हणाले. ‘वर बघ.’

मी वर बघितलं. नाक माझंच होतं. बायकोनं सांगितलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं, पण तिनं एक सांगितलं नव्हतं, की कपाळावर एक बारीक आठी आहे, थेट वडिलांसारखी. मुलीनं डोळे किलकिले केले, माझ्याकडे न बघता उजेडाकडे पाहिलं आणि परत मिटले. मी तिच्या मुठीत बोट घातलं. तिनं ते धरलं.

ती जगली. कशानं, ते मला सांगता येणार नाही. वैद्यबुवा म्हणाले चाटणानं, आत्या म्हणाली नवसानं. मीही जगलो, हे उघडच आहे. चतुर्दशीला शांतही रीतसर झाली. साहेबाला मी शेवटपर्यंत एकच शब्द दिला नाही. तो मागायचाही थांबला. वडिलांनी त्यानंतर पेठेत कोणाची घटका मोजली नाही. बोलावणं आलं की पात्र नादुरुस्त आहे म्हणून सांगायचे, आणि तांबट स्वतः येऊन नवं करून देतो म्हणाला तरी नको म्हणाले.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. मुलीनं माझं बोट धरलं तरी वडील ती वाटी तशीच धरून, मान खाली घालून बसले होते. त्यांची नजर तेलावरून हलली नव्हती.

‘पाहिलंस?’ त्यांनी खालूनच विचारलं.

‘पाहिलं.’

‘नीट पाहिलंस ना?’

‘हो.’

तेव्हा कुठे त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली आणि धोतराला हात पुसले. ‘मग दे तिला इकडे,’ ते आत्याला म्हणाले. ‘बापानं पाहायच्या आधी मी कसा पाहणार होतो?’